रोम आपला कोण? जर्मनीच्या दोन भूतकाळांची गोष्ट

पंधरा ऑगस्टला आपल्याकडे देशभर सुट्टी. म्युनिकला नोकरीसाठी गेलेल्या मराठी मुलामुलींनाही त्या दिवशी सुट्टी मिळते, आणि पहिल्या वर्षी त्यांना या योगायोगाची मौज वाटते. मग कळते की ही सुट्टी मेरीमातेच्या स्वर्गारोहणाची आहे. खरी गंमत पुढेच. त्याच बव्हेरिया राज्यात, रेल्वेने तासा-सव्वातासाच्या अंतरावर असलेल्या न्युरेंबर्ग शहरात त्या दिवशी दुकाने आणि कचेऱ्या नेहमीसारख्या चालू असतात. राज्य एक, सरकार एक, कायदाही एकच. त्या कायद्यातच तशी सोय आहे: ज्या गावात कॅथलिक लोक प्रॉटेस्टंटांपेक्षा जास्त, तिथे सुट्टी, बाकीच्यांनी कामावर जायचे. जनगणना झाली की राज्याचे सांख्यिकी खाते गावोगावचे आकडे पाहून यादी जाहीर करते. एका गावातली बेकरी बंद आणि पाच मिनिटांवरच्या दुसऱ्या गावातली उघडी, असे खरेच घडते.

देशाच्या पातळीवरही तेच. उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या राज्यांत ३१ ऑक्टोबरला धर्मसुधारणा दिनाची सुट्टी असते. दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या राज्यांत दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाची. बर्लिन आणि हेस्से या राज्यांना दोन्ही नाहीत.

असे का? थोडक्यात उत्तर द्यायचे तर न्युरेंबर्गच्या नगरसभेने १५२५ साली मार्टिन ल्यूथरचा पंथ स्वीकारला आणि म्युनिकच्या ड्यूकांनी तो नाकारला. पण हे उत्तर पुरत नाही. एकच भाषा बोलणाऱ्या लोकांनी आपला धर्मपंथ गावागणिक, संस्थानागणिक वेगळा का ठरवला? आणि पुढे ‘आम्ही जर्मन’ असे म्हणायची वेळ आली तेव्हा या फुटीचे काय झाले? मला वाटते, या साऱ्याच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे: रोम आपला कोण? शत्रू, गुरू की वारशात मिळालेले घर? जर्मनांनी या प्रश्नाची दोन उत्तरे दिली, आणि दोन्ही उत्तरांनी आपापला वेगळा भूतकाळ रचला.

जंगलातली लढाई आणि मठातले हस्तलिखित

इसवी सन ९ मध्ये ऱ्हाईन नदीच्या पूर्वेला, टॉयटोबुर्ग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जंगलाच्या परिसरात, व्हारुस या रोमन सेनापतीच्या तीन पलटणी कापल्या गेल्या. हल्ल्याचा सूत्रधार होता चेरुस्की टोळीचा आर्मिनियस. तो रोमन सैन्यात नोकरी केलेला, रोमचे नागरिकत्व मिळालेला माणूस. या पराभवानंतर रोमने मोहिमा काढल्या, पण ऱ्हाईनपलीकडचा मुलुख कायमचा ताब्यात ठेवण्याचा नाद सोडला.

इथे लगेच ‘जर्मन राष्ट्राचा पहिला विजय’ असे लिहायचा मोह होतो, आणि कैक पुस्तकांनी तसे लिहिलेही आहे. ते खोटे आहे. चेरुस्की, खाट्टी, मार्सी अशा टोळ्यांना आपण सारे मिळून एक लोक आहोत असे वाटत असल्याचा काही पुरावा नाही. त्या एकमेकींशीही तितक्याच उत्साहाने लढत. आर्मिनियसला शेवटी त्याच्याच नातलगांनी ठार केले. पुढची चौदाशे वर्षे त्याची कोणाला फारशी आठवणही नव्हती.

ती परत आली ती पुस्तकांतून. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इसवी सन ९८ च्या सुमारास या टोळ्यांवर एक छोटा ग्रंथ लिहिला होता. साधे, शूर, वचनाला जागणारे रानटी लोक, असे त्यांचे चित्र त्याने रंगवले. मुख्य हेतू होता रोममधल्या ऐषारामी लोकांना टोचायचा. पंधराव्या शतकात जर्मनीतल्या हेर्सफेल्डच्या मठातून या ग्रंथाची प्रत इटलीत पोहोचली आणि छापखान्यांच्या हाती लागली. टॅसिटसच्याच इतिहासातले आर्मिनियसबद्दलचे भाग कोर्फाईच्या मठातल्या हस्तलिखितात सापडले आणि १५१५ साली रोममध्ये छापले गेले. ल्यूथरने विटेनबर्गमध्ये आपली ९५ वचने मांडली त्याच्या दोनच वर्षे आधी! रोमशी झुंजणाऱ्या जर्मनाची ही कथा लिहिली एका रोमनाने, जपून ठेवली कॅथलिक मठांनी आणि छापली पोपच्या शहरात. ती वापरली मात्र पोपच्या विरोधकांनी. उलरिक फॉन हुटन या बंडखोर सरदाराने आर्मिनियसवर एक संवाद लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर १५२९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला रोम कागदावर जुना असला तरी वाचणाऱ्याला कोणता रोम आठवत असेल, हे सांगायला नको.

बिशपांना मुले नसतात

दुसऱ्या भूतकाळाची सुरुवात तलवारीने नाही, कुऱ्हाडीने होते. इंग्लंडहून आलेल्या बोनिफेस या धर्मप्रसारकाने ७२३ च्या सुमारास हेस्सेमधल्या गाइस्मार इथे डोनार देवाचा पवित्र ओक वृक्ष तोडला. देवाचा कोप झाला नाही, लोक बाप्तिस्मा घ्यायला पुढे आले, असे त्याचा चरित्रकार सांगतो. तलवार पुढच्या पिढीत आली. फ्रँकांचा राजा शार्लमेन ७७२ ते ८०४ अशी तीस-बत्तीस वर्षे सॅक्सन टोळ्यांशी लढला. ७८२ मध्ये फेर्डन इथे त्याने ४,५०० सॅक्सनांची कत्तल केली, असे त्याच्याच दरबारची बखर म्हणते. सॅक्सनांचा नेता विडुकिंड याने ७८५ मध्ये बाप्तिस्मा घेतला.

आणि नियतीचा खेळ पाहा: ९६२ साली रोममध्ये पोपच्या हातून सम्राटपदाचा मुकुट घेणारा पहिला ऑटो हा सॅक्सनच होता, आणि त्याची आई विडुकिंडच्या कुळातली. ज्यांच्या पूर्वजांना मारून मुटकून ख्रिस्ती केले, तेच आता रोमच्या गादीचे वारस झाले. इथून पुढे आठशे चव्वेचाळीस वर्षे, १८०६ पर्यंत, जर्मनीचा राजा हा हक्काने रोमचा सम्राट मानला गेला.

ऑटोच्या घराण्याने राज्य चालवण्याची एक हुशार युक्ती वापरली. सरदाराला जहागीर दिली की ती त्याच्या मुलाकडे जाते आणि दोन पिढ्यांत सरदार डोईजड होतो. बिशपाला जहागीर दिली तर? त्याला औरस मुले नसतात. तो गेला की राजा नवा माणूस नेमणार. शिवाय बिशप लिहिता-वाचता, हिशेबात पक्का. म्हणून राजांनी बिशपांना आणि मठाधिपतींना जमिनी, जकाती, टांकसाळी, न्यायदानाचे अधिकार दिले. बिशप हाच राज्यकर्ता झाला.

ही व्यवस्था ज्या एका खिळ्यावर टांगली होती तो म्हणजे नेमणुकीचा हक्क. अकराव्या शतकात पोप सातव्या ग्रेगरीने नेमका तोच उपटायला घेतला: बिशप नेमण्याचा अधिकार राजाचा नाही, चर्चचा. राजा चौथा हेन्री याने पोपलाच पदच्युत झाल्याचे कळवले. पोपने हेन्रीला धर्मबहिष्कृत केले. बहिष्कृत राजाशी केलेली इमानाची शपथ बांधील राहत नाही, हे कळताच जर्मन सरदारांनी संधी साधली. १०७७ च्या जानेवारीत हेन्री आल्प्स ओलांडून इटलीतल्या कनोसाच्या किल्ल्यापाशी तीन दिवस प्रायश्चित्ताच्या वेशात उभा राहिला, तेव्हा पोपने त्याला माफ केले. भांडणाचा औपचारिक निकाल थेट ११२२ मध्ये, वर्म्सच्या कराराने लागला. एवढा काळ ते चिघळले. राजा आणि पोप यांच्या ओढाताणीत दोरी मात्र सरदारांच्या हातात गेली. इंग्लंड-फ्रान्सचे राजे हळूहळू आपल्या देशाची सत्ता एका मुठीत आणत होते, त्याच शतकांत जर्मनीची मूठ उघडत गेली.

तीनशे बिऱ्हाडांची सोसायटी

या साम्राज्याचा कारभार कळायला एक जुनी, अवाढव्य गृहनिर्माण सोसायटी डोळ्यांसमोर आणावी. सभासद तीनशेहून अधिक. कोणाचा अख्खा मजला, कोणाची एक खोली. अध्यक्षाला मान मोठा. सभेत पहिली खुर्ची त्याची. पण मेंटेनन्स गोळा करायचा तर सभासदांची मनधरणी करावी लागते, आणि कोणाच्या घरात काय शिजते हे विचारायची त्याला सोय नाही. शिवाय अध्यक्ष निवडायचे मत फक्त सात जणांना. १३५६ च्या सुवर्णमुद्रांकित फर्मानाने हे सात जण ठरवून टाकले: माइन्झ, ट्रिअर आणि कलोनचे तीन आर्चबिशप, बोहेमियाचा राजा, ऱ्हाईनचा पॅलटाइन, सॅक्सनीचा ड्यूक आणि ब्रांडेनबुर्गचा मार्गग्राफ. सातांतले तीन चर्चचे, हे लक्षात ठेवायचे. पुढची सारी भानगड त्यातूनच होते.

ल्यूथर वाचला कसा?

होहेनझोलर्न घराण्यातला अल्ब्रेख्ट हा तेविशी-चोविशीतला तरुण १५१४ मध्ये माइन्झचा आर्चबिशप झाला. एकाहून जास्त बिशपपदे ठेवायला पोपची खास परवानगी लागे, आणि ती फुकट मिळत नसे. त्याने आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांकडून कर्ज काढले. ते फेडायला त्याच्या हद्दीत पापाची शिक्षा माफ करणारी पत्रे विकायची परवानगी मिळाली. निम्मे पैसे सावकाराला, निम्मे रोममधल्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला. विटेनबर्गमधला प्राध्यापक मार्टिन ल्यूथर ३१ ऑक्टोबर १५१७ ला याविरुद्ध उभा राहिला.

ल्यूथरला राष्ट्र उभारायचे नव्हते. माणसाचा उद्धार कशाने होतो, कृत्याने की श्रद्धेने, हा त्याचा प्रश्न होता. पण रोम जर्मनीचा पैसा ओढून नेते, ही तक्रार त्याच्या कितीतरी आधीपासून जर्मन राजेरजवाडे आपल्या सभांत यादी करून मांडत होते. १५२० मध्ये ल्यूथरने जर्मन सरदारवर्गाला उद्देशून जर्मन भाषेतच पुस्तिका लिहिली, तेव्हा धर्माचा प्रश्न आणि पैशाची तक्रार एकमेकांत मिसळली.

शंभर वर्षांपूर्वी, १४१५ मध्ये, यान हुस याला अशाच मतांसाठी कॉन्स्टन्स इथे जिवंत जाळले होते. ल्यूथर वाचला, कारण सोसायटीच्या घटनेत त्याच्या बाजूचे कलम होते. त्याचा धनी, सॅक्सनीचा फ्रेडरिक, हा सात मतदारांपैकी एक. सम्राट पाचव्या चार्ल्सला तो दुखवून चालणार नव्हता. फ्रेडरिक स्वतः जुन्या वळणाचा भाविक. त्याच्या संग्रहात संतांचे अवशेष एकोणीस हजारांच्या घरात होते. पण आपल्या विद्यापीठाच्या प्राध्यापकाला रोमने परस्पर उचलून न्यावे, हे त्याला मान्य नव्हते. १५२१ मध्ये वर्म्सच्या सभेत सम्राटाने ल्यूथरला कायद्याबाहेर टाकले, आणि फ्रेडरिकच्या माणसांनी त्याला ‘पळवून’ वार्टबुर्ग किल्ल्यात लपवले. तिकडे चार्ल्स फ्रान्सशी लढत होता, आणि तुर्क १५२९ मध्ये व्हिएन्नाच्या वेशीवर आले. तुर्कांविरुद्ध फौज आणि पैसा हवा तर ल्यूथरपंथी राजेही हवेत. दर वेळी पंथाचा निकाल पुढे ढकलला गेला, आणि दर वेळी नवा पंथ आणखी रुजला.

राजांना यात श्रद्धेइतकाच लाभही होता. मठांच्या जमिनी ताब्यात आल्या, आणि पोपची जागा रिकामी झाल्यावर संस्थानातल्या चर्चचा प्रमुख राजाच झाला.

वार्टबुर्गमध्ये ल्यूथरने सुमारे अकरा आठवड्यांत नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले. सप्टेंबर १५२२ मध्ये ते छापून आले आणि डिसेंबरात दुसरी आवृत्ती काढावी लागली. या भाषांतराने जर्मनांना एक भाषा दिली, असे म्हणतात. हे अर्धेच खरे. सॅक्सनीच्या दरबारी पत्रव्यवहारातली भाषा आधीच दूरवर समजत होती; ल्यूथरने तिच्यात बाजारातला, घरातला जिवंतपणा ओतला. पण याहून मला मजेदार वाटते ते हे: ल्यूथरचा कट्टर विरोधक हिरोनिमस एम्सर याने १५२७ मध्ये कॅथलिकांसाठी नवा करार काढला, आणि त्यात ल्यूथरचीच वाक्ये मोठ्या प्रमाणावर उचलली. ल्यूथर यावर भडकला. पंथ फुटले, पण दोन्हीकडचा नवा करार बऱ्याच अंशी एकाच भाषेत वाचला जाऊ लागला.

ज्याचे घर त्याचा स्वयंपाक

लढाया झाल्या आणि कोणीच पुरते जिंकले नाही. १५५५ मध्ये आउग्सबुर्गला तह झाला. सोसायटीच्या भाषेत त्याचा ठराव असा: ज्याचे घर त्याचा स्वयंपाक, घरातल्या ज्याला तो रुचत नाही त्याने घरदार विकून दुसरीकडे जावे. राजाचा पंथ तोच प्रजेचा. दोनच पंथ मान्य झाले, कॅथलिक आणि ल्यूथरचा. कॅल्व्हिन या दुसऱ्या धर्मसुधारकाच्या अनुयायांना त्यात जागा नव्हती. आज हा नियम जुलमी वाटतो. पण बाहेर जाण्याचा हक्क कायद्याने देणे ही त्या काळात सवलतच होती. याच सुमारास इतरत्र पाखंड्याला जाळले जात होते.

नियमाचा जाच कसा होता ते पॅलटाइन संस्थानात दिसते. तिथल्या प्रजेने १५५६ ते १५८३ या सत्तावीस वर्षांत ल्यूथर, मग कॅल्व्हिन, मग पुन्हा ल्यूथर, मग पुन्हा कॅल्व्हिन असे पंथ राजागणिक बदलले. नव्या राजाबरोबर पाद्री बदलत, शाळेतले धर्मशिक्षण बदले, चर्चमधली चित्रे उतरत.

कॅलेंडरही पंथाचे झाले. पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ मध्ये दिनदर्शिका सुधारली. कॅथलिक संस्थानांनी ती लगेच घेतली. प्रॉटेस्टंटांनी खगोलशास्त्र बरोबर असूनही पोपचे म्हणून नाकारली, ती थेट १७०० पर्यंत. शंभराहून अधिक वर्षे जर्मनीत वेशीवेशीवर तारीख दहा दिवसांनी बदलत होती, आणि नाताळ वर्षातून दोनदा येत होता.

चर्चचे तीन मतदार होते, हे आठवत असेल. एखादा आर्चबिशपच प्रॉटेस्टंट झाला तर सम्राट निवडीचे गणित उलटणार. म्हणून तहात अट होती की पंथ बदलणाऱ्या बिशपाने पद आणि मुलूख सोडावा. प्रॉटेस्टंटांना ही अट कधीच पटली नाही. १५८३ मध्ये कलोनच्या आर्चबिशपाने पंथ बदलून लग्न केले तेव्हा त्यावरून युद्ध पेटले. १६१८ मध्ये बोहेमियातल्या प्रॉटेस्टंट सरदारांनी सम्राटाचे अधिकारी प्रागच्या किल्ल्याच्या खिडकीतून खाली फेकले आणि तीस वर्षांच्या युद्धाला तोंड फुटले. त्याचा तपशील इथे नको. डेन्मार्क, स्वीडन, फ्रान्स, स्पेन सारे उतरले. कॅथलिक फ्रान्स प्रॉटेस्टंटांच्या बाजूने लढला, एवढे सांगितले की हे निव्वळ धर्मयुद्ध नव्हते हे कळते. १६३१ मध्ये एकट्या माग्डेबुर्गमध्ये सुमारे वीस हजार माणसे मेली. युद्ध, उपासमार आणि प्लेग मिळून जर्मन प्रदेशांची बरीच मोठी लोकसंख्या गेली. कित्येक भागांत निम्म्याहून अधिक.

१६४८ चा वेस्टफेलियाचा तह ही थकलेल्या माणसांची शहाणी कारकुनी होती. कोण खरा ख्रिस्ती हा प्रश्न बाजूला ठेवून १ जानेवारी १६२४ ही तारीख धरली: त्या दिवशी जिथे जो पंथ चालत होता तोच पुढे चालायचा, राजा बदलला तरी. साम्राज्याच्या सभेत धर्माचा विषय निघाला की कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट वेगवेगळे बसणार. बहुमताने निर्णय नाही, तडजोडच करायची. कॅल्व्हिनपंथीयांनाही मान्यता मिळाली. आउग्सबुर्ग शहरात तर नगरसभेतली आणि कचेरीतली पदे दोन्ही पंथांना निम्मीनिम्मी वाटून दिली. त्या शांततेचा उत्सव तिथे १६५० पासून ८ ऑगस्टला होतो, आणि त्याची सार्वजनिक सुट्टी आजही फक्त त्या एका शहराला असते.

चौकट : ओस्नाब्रुकची पाळी

ओस्नाब्रुकच्या बिशपाच्या राज्यात दोन्ही पंथ इतके मिसळलेले होते की १६४८ च्या तहाने तिथे पाळी लावून दिली. एक बिशप कॅथलिक, त्यानंतरचा प्रॉटेस्टंट, मग पुन्हा कॅथलिक. प्रॉटेस्टंट बिशप मात्र ब्राउनश्वाइग-ल्युनेबुर्ग याच राजघराण्यातला हवा. पुढे हेच घराणे इंग्लंडच्या गादीवर बसले. त्यामुळे १७६४ मध्ये राजा तिसरा जॉर्ज याने आपला मुलगा फ्रेडरिक याला ओस्नाब्रुकचा बिशप निवडून आणले. बिशपसाहेबांचे वय तेव्हा जेमतेम सहा महिने होते. पुढे हेच ड्यूक ऑफ यॉर्क म्हणून इंग्रज सैन्याचे सरसेनापती झाले.

एकाच देशात दोन वळणे

या व्यवस्थेने शांतता दिली आणि भिंतही दिली. लोक एकाच गल्लीत राहत, पण लग्ने, शाळा, सण, दफनभूमी वेगळ्या. उत्तरेत पाद्र्याचे घर हे पुस्तकांचे घर झाले. प्रॉटेस्टंट पाद्री लग्न करीत आणि त्यांची मुले विद्यापीठात जात. लेसिंगपासून नीत्शेपर्यंत कितीतरी लेखक-विचारवंत अशा घरांतून आले. दक्षिणेत सोन्याने मढवलेली बरोक चर्चे, यात्रा, मिरवणुका आणि संगीत बहरले. उत्तरेकडचे दक्षिणेला अडाणी म्हणत; दक्षिणेकडचे उत्तरेला रुक्ष.

राजे मात्र सोयीने पंथ बदलत राहिले. सॅक्सनीचा आउगुस्ट याला पोलंडचा मुकुट हवा होता, म्हणून ल्यूथरच्या जन्मभूमीजवळचा हा राजा १६९७ मध्ये कॅथलिक झाला. प्रजा ल्यूथरपंथीच राहिली, आणि साम्राज्याच्या सभेतल्या प्रॉटेस्टंट गटाचे अध्यक्षपदही सॅक्सनीकडेच राहिले!

कोणाचा इतिहास, कोणाचे राष्ट्र?

नेपोलियनच्या धडाक्यात १८०३ मध्ये बिशपांची राज्ये खालसा झाली आणि १८०६ मध्ये साम्राज्यच संपले. सोसायटी मोडली, आता राष्ट्र हवे होते, आणि राष्ट्राला भूतकाळ. तो काढायला गेल्यावर पेटीत दोन निघाले.

१८१७ च्या ऑक्टोबरात विद्यार्थी वार्टबुर्गवर जमले. नेपोलियनवरच्या लाइपझिगच्या विजयाचे चौथे वर्ष आणि ल्यूथरच्या वचनांचे तीनशेवे, असा दुहेरी उत्सव. निमंत्रणे मुख्यत्वे प्रॉटेस्टंट विद्यापीठांना. जर्मन स्वातंत्र्य म्हणजे आर्मिनियस, ल्यूथर आणि नेपोलियनचा पाडाव, अशी सरळ रेघ ओढली गेली. तिकडे बव्हेरियाचा कॅथलिक राजा पहिला लुडविग याने डॅन्यूबच्या काठी वाल्हाला हे थोर जर्मनांचे स्मारक बांधले आणि १८४२ मध्ये उघडले. त्यात आर्मिनियस होता, ल्यूथर नव्हता. बोंब झाली, तेव्हा पाच-सहा वर्षांनी त्याचा अर्धपुतळा बसवला गेला.

इतिहासकारांत हा वाद १८५९ पासून उघडपणे पेटला. हाइनरिक फॉन सिबेल म्हणाला, ऑटो आणि त्याच्या वारसांनी रोमच्या मुकुटामागे धावून जर्मनीची शक्ती इटलीत उधळली. वेस्टफेलियाचा, इन्सब्रुकमध्ये शिकवणारा युलिउस फिकर उत्तरला की ते साम्राज्य अनेक लोकांना सामावणारी व्यवस्था होती आणि तिचेच दिवस वैभवाचे होते. वाद मध्ययुगाचा वाटतो, पण प्रश्न ताजा होता: नव्या जर्मनीत कॅथलिक ऑस्ट्रिया असावा की नसावा? सिबेलच्या बाजूने उत्तरेकडच्या प्रॉटेस्टंट प्रशियाच्या तोफा होत्या. १८६६ मध्ये ऑस्ट्रिया हरला आणि बाहेर फेकला गेला. १८७१ च्या नव्या साम्राज्यात कॅथलिक अचानक अल्पसंख्य झाले, दर तिघांत साधारण एक.

चान्सलर बिस्मार्कने त्यांना संशयाने पाहिले. १८७० मध्ये पोपने स्वतःच्या धर्मनिर्णयांची अचूकता जाहीर केली होती. मग हे लोक कैसरचे की पोपचे? शिवाय प्रशियातले पोलिश लोकही कॅथलिक. कायद्यांची रांग लागली: व्यासपीठावरून राजकारण बोलणाऱ्या पाद्र्याला शिक्षा, १८७२ मध्ये जेझुइट या कॅथलिक संघावर बंदी, पाद्र्यांच्या शिक्षणावर सरकारी देखरेख, १८७५ च्या कायद्याने सरकारदप्तरी लग्न सक्तीचे. ‘आम्ही कनोसाला जाणार नाही,’ असे बिस्मार्क संसदेत म्हणाला, आणि आठशे वर्षांपूर्वीचे नाव ऐकून सभागृहाला काही समजावून सांगावे लागले नाही. १८७५ मध्ये डेटमोल्डजवळ आर्मिनियसचा प्रचंड पुतळा उभा राहिला. नुसती तलवारच सात मीटर.

परिणाम उलटा झाला. कॅथलिकांच्या सेंटर पक्षाला १८७१ मध्ये ६३ जागा होत्या, १८७४ मध्ये ९१ झाल्या. जे बव्हेरियन, ऱ्हाईनकाठचे आणि वेस्टफेलियन शेतकरी एरवी कधी एकत्र आले नसते ते छळाने एक झाले. कलोनचे कॅथेड्रल १२४८ मध्ये सुरू होऊन शतकानुशतके अर्धवट पडले होते. राष्ट्राच्या एकीचे प्रतीक म्हणून प्रॉटेस्टंट प्रशियाने ते पुरे करायला मदत केली. १८८० मध्ये कैसरच्या उपस्थितीत ते पूर्ण झाल्याचा सोहळा झाला, तेव्हा त्या कॅथेड्रलचे आर्चबिशप पाउलुस मेल्खर्स परदेशात परागंदा होते.

मायदेशी बंदी असलेल्या जेझुइटांचे एक मोठे कार्यक्षेत्र आपल्याकडे होते. मुंबई-पुण्याचे मिशन १८५० च्या दशकापासून जर्मन जेझुइटांकडे होते आणि मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ मध्ये त्यांनीच काढले. बर्लिनने त्यांना पोपचे हस्तक म्हणून नाकारले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी त्यांनाच जर्मन म्हणून अटकेत टाकले आणि परत पाठवले.

उरलेली भिंत

दोन्ही भूतकाळांत एका समाजाला जागा नव्हती: ज्यू. राष्ट्र म्हणजे ख्रिस्ती राष्ट्र, भांडण फक्त कोणत्या पंथाचे याचे. ल्यूथरने १५४३ मध्ये ज्यूंविरुद्ध लिहिलेली विखारी पुस्तिका नाझींनी आवडीने फिरवली. १९३२ च्या निवडणुकांत कॅथलिक भागांत हिटलरला प्रॉटेस्टंट भागांपेक्षा बरीच कमी मते पडली, हे खरे. पण मार्च १९३३ मध्ये हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याला सेंटर पक्षानेही मते दिली, आणि जुलैत व्हॅटिकनने त्याच्याशी करार केला.

भिंत ढासळली ती विचाराने कमी, माणसांच्या लोंढ्याने जास्त. १९४५ नंतर पूर्व युरोपातून सुमारे सव्वा कोटी जर्मन हाकलले गेले. सायलेशियाचे कॅथलिक प्रॉटेस्टंट गावांत आले, पूर्व प्रशियाचे ल्यूथरपंथी कॅथलिक गावांत. चारशे वर्षे एका पंथाच्या राहिलेल्या गावाला दुसरे चर्च बांधावे लागले किंवा असलेले वाटून घ्यावे लागले. १९४५ सालीच दोन्ही पंथांचा मिळून एक ख्रिस्ती लोकशाही पक्ष निघाला. त्याचा पुढारी, पश्चिम जर्मनीचा पहिला चान्सलर कोनराड आडेनाउअर, हा कलोनचा कॅथलिक.

आज जर्मनीत चार कोटींहून कमी लोक दोन मोठ्या चर्चचे सभासद आहेत, म्हणजे निम्म्याहून कमी. २०१८ मध्ये बव्हेरियाचे मुख्यमंत्री मार्कुस झ्योडर यांनी राज्याच्या प्रत्येक सरकारी इमारतीच्या दारात क्रॉस लावायचा हुकूम काढला. हा आमच्या ओळखीचा आणि संस्कृतीचा भाग आहे, असे त्यांचे म्हणणे. झ्योडर न्युरेंबर्गचे प्रॉटेस्टंट. सर्वांत ठणकावून हरकत घेतली ती म्युनिकचे कॅथलिक कार्डिनल राइनहार्ड मार्क्स यांनी: क्रॉसचा अर्थ सरकारने ठरवायचा नसतो. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने क्रॉस राहू द्यायला परवानगी दिली.